दमट हवेसाठी अमोनिया सेन्सर : झिंक ऑक्साइडच्या नॅनोसळ्यांचा पृष्ठभाग कसा घडवावा

नवी मुंबईत वायूचा सेन्सर बनवणाऱ्याने रसायनांच्या आधी हवेचा विचार करावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी प्रयोगशाळेत नेमका चालणारा सेन्सर जुलैत वाशी किंवा तुर्भ्याच्या हवेत नेला, की त्याचा मूळ रोधच बदलतो आणि हिवाळ्यात काढलेले सगळे आलेख निरुपयोगी ठरतात. याचे कारण एकच आहे. असा सेन्सर आपल्या पृष्ठभागानेच वायू ओळखतो, आणि त्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी पाण्याची वाफही तितकीच उत्सुक असते. म्हणून पृष्ठभागात सुधारणा करायची ती जिथे सेन्सर बसणार आहे त्या हवेसाठी करायची, आणि ती खरोखर झाली की नाही हे त्याच घाण्यातल्या, काहीही प्रक्रिया न केलेल्या जुळ्या चकतीशी (ज्या तुकड्यावर सेन्सर घडवतो ती चकती) ताडून पाहायचे. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टी धरून लिहिल्या आहेत.

उदाहरणासाठी अमोनिया घेतला आहे, कारण तो इथल्या गरजेचा आहे. तुर्भे परिसरात शीतगृहे आहेत आणि मोठ्या शीतगृहांत शीतक म्हणून अमोनिया सर्रास वापरतात. आठ तासांच्या कामासाठी हवेतील अमोनियाची मान्य मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे, पंधरा मिनिटांच्या संपर्कासाठी ३५ पीपीएम, आणि ३०० पीपीएमला तो जिवाला तातडीचा धोका मानतात. म्हणजे आपल्या सेन्सरने १० ते १०० पीपीएमच्या पट्ट्यात स्पष्ट बोलले पाहिजे. ५०० पीपीएमला मोठा प्रतिसाद देणारा सेन्सर कागदावर शोभतो, कामगाराच्या उपयोगाचा नसतो.

पृष्ठभागावर नेमके काय घडते

झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म वायू ओळखू शकते हे जपानमध्ये सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवले, आणि त्याच वर्षी तागुची यांनी धातूच्या ऑक्साइडवर आधारित वायुसूचकाचे पेटंट मागितले. आज बाजारात मिळणारे स्वस्त वायू सेन्सर बहुतांशी याच घराण्यातले आहेत. तत्त्व साधे आहे. झिंक ऑक्साइड हा एन प्रकारचा अर्धवाहक आहे, म्हणजे त्यात वीज वाहते ती इलेक्ट्रॉनमुळे. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्यामुळे पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉन नसलेला काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि रोध वाढतो. अमोनिया आला की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि रोध उतरतो. हवेतील रोधाला वायूतील रोधाने भागले की जो आकडा येतो, त्याला प्रतिसाद म्हणतात.

आता कणाचा आकार का महत्त्वाचा ते पाहा. कण मोठा असेल तर इलेक्ट्रॉन नसलेला थर म्हणजे नारळाची करवंटी, आतला गर तसाच वीज वाहत राहतो. कण त्या थराच्या दुप्पट जाडीइतका लहान झाला की तो आरपार इलेक्ट्रॉनरहित होतो आणि पृष्ठभागावरची प्रत्येक घडामोड थेट रोधात दिसते. टिन ऑक्साइडच्या बाबतीत ही सीमा साधारण ६ नॅनोमीटर असल्याचे यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले. दुसरा फायदा क्षेत्रफळाचा. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ धरली, तर २० नॅनोमीटरच्या कणांच्या एका ग्रॅम पुडीचे क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस मीटर भरते, म्हणजे ऐरोलीतल्या एखाद्या वन बीएचके घराएवढे. २ मायक्रोमीटरच्या कणांचे अर्धा चौरस मीटर.

चिकटलेल्या ऑक्सिजनचे रूप तापमानाबरोबर बदलते. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या खाली तो रेणूच्या रूपात असतो, त्यावर सुटा अणू म्हणून, आणि हा सुटा अणू जास्त क्रियाशील असतो. शिवाय तापलेल्या पृष्ठभागावर पाणी कमी टिकते. आपल्या हवेसाठी मी तापणारा सेन्सरच निवडते तो या दोन कारणांनी.

बीजाचा थर

नॅनोसळ्या, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या नॅनोमीटर जाडीच्या सळ्या, ज्या दाण्यांवरून उगवतात त्यांचा हा थर. आधार म्हणून वर सोन्याच्या फणीसारखे इलेक्ट्रोड आणि मागे प्लॅटिनमचा हीटर छापलेली ॲल्युमिनाची चकती घ्यावी. पीसीबीच्या (छापील सर्किटच्या) साध्या बोर्डावर हे काम होत नाही, कारण पुढच्या भट्टीत तो जळतो. चकती साबणाच्या पाण्यात, डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेल्या) पाण्यात, ॲसिटोनमध्ये आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये प्रत्येकी दहा मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुवावी. त्यानंतर तिला बोट लावू नये. बोटाचा ठसा उमटलेल्या जागी सळ्या विरळ उगवतात आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात लख्ख दिसते.

बीजासाठी ५५ मिलिग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ५० मिलिलिटर निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवले की ५ मिलिमोलर द्रावण होते. त्याचा एक थेंब चकतीवर टाकावा, दहा सेकंदांनी स्वच्छ इथेनॉलने धुवावे, वाळवावे, आणि हे चार-पाच वेळा करावे. मग ३५० अंशांवर मफल भट्टीत वीस मिनिटे ठेवावे. ॲसिटेट जाऊन झिंक ऑक्साइडचे बारीक दाणे मागे राहतात. संपूर्ण बीजक्रिया दोनदा केली तर थर सलग होतो. पावसाळ्यात इथे विशेष काळजी हवी. हवेतली ओल इथेनॉलमध्ये शिरते, द्रावण गढूळ होते आणि दाणे मोठे व विस्कळीत बसतात. जून ते सप्टेंबर या काळात मी द्रावण रोज ताजे करते आणि थेंब टाकण्याचे काम सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीत उरकते. जेल नारिंगीचे हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते.

सळ्या वाढवणे

१०० मिलिलिटर डीआयोनाइज्ड पाण्यात ०.७४४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि ०.३५ ग्रॅम हेक्झामिथिलीनटेट्रामाइन विरघळवावे. दोन्ही २५ मिलिमोलर होतात. जोडणीच्या पट्ट्यांवर उष्णता सोसणारी पॉलिइमाइड टेप लावून चकती या द्रावणात पालथी, म्हणजे बीजाची बाजू खाली करून, तरंगती किंवा टांगती ठेवावी. सुलटी ठेवली तर द्रावणात बनणारा गाळ वरून सळ्यांवर बसतो. झाकण घट्ट लावून ९० अंशांवर तीन तास ठेवले की काही दशक नॅनोमीटर जाडीच्या, एक-दोन मायक्रोमीटर उंचीच्या षट्कोनी सळ्या मिळतात. त्या उभ्याच का वाढतात, तर या स्फटिकाची टोकाची विद्युतभारित पृष्ठे जास्त ऊर्जेची असतात आणि वाढ त्या दिशेने वेगाने होते. जाडी कमी हवी असल्यास दोन्ही घटकांचे प्रमाण सारखेच ठेवून १० मिलिमोलरपर्यंत खाली आणावे.

हेक्झामिथिलीनटेट्रामाइन गरम पाण्यात हळूहळू फुटून अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड देतो, म्हणून बाटली उघडायची ती फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). त्याच टेबलावर अमोनियाच्या चाचण्या चालू असतील तर त्या दिवशीची मोजमापे फेकून द्यावी लागतात, हे आम्हाला दोन आठवडे वाया घालवल्यावर कळले.

चकती धुऊन, वाळवून ४०० अंशांवर हवेत एक तास भाजावी. या भाजण्याला केवळ वाळवणे समजू नये, कारण पृष्ठभाग घडवण्याची ही पहिली खरी पायरी आहे. पाण्यातून आलेल्या सळ्यांवर हायड्रॉक्सिल गट आणि ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरपूर असतात. हवेत भाजल्याने त्या कमी होतात आणि मूळ रोध स्थिर होतो. नायट्रोजनमध्ये भाजल्यास रिकाम्या जागा वाढतात, प्रतिसाद बऱ्याचदा सुधारतो, पण महिनाभरात हवा त्या हळूहळू भरून काढते आणि सेन्सर सरकत जातो. दीर्घकाळ चालणाऱ्या उपकरणासाठी मी हवेतले भाजणेच पसंत करते.

इथे थांबून एकाच घाण्यातल्या निदान सहा चकत्या बाजूला काढाव्यात आणि त्यांच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घालावेत. दोन तशाच राहतील. उरलेल्या चार पुढे जातील.

चांदीचे कण बसवणे

उत्प्रेरक धातूचे बारीक कण सळ्यांवर बसवले की दोन गोष्टी होतात. धातूच्या कणावर रेणू सहज फुटतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्या ऑक्साइडवर सांडतात; शिवाय धातू व अर्धवाहक यांच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉनरहित थर अधिक खोल जातो. पॅलेडियम यासाठी नावाजलेले आहे, परंतु त्याचे क्लोराइड विरघळवायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. पहिल्यांदा मी तेच द्रावण सळ्यांवर वापरले आणि पंधरा मिनिटांनी चकतीवर कोरा ॲल्युमिना उरला होता. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. त्यावर चढवायचे प्रत्येक द्रावण आधी सामू तपासून, उदासीनच्या आसपास असल्याची खात्री करूनच घ्यावे.

चांदी त्या मानाने सोपी आणि स्वस्त आहे. निम्मे डीआयोनाइज्ड पाणी, निम्मे इथेनॉल अशा ५० मिलिलिटर मिश्रणात ८.५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट टाकले की १ मिलिमोलर द्रावण होते. नळाचे पाणी चालत नाही, क्लोराइडमुळे ते लगेच दुधाळ होते. चकती त्यात ठेवून वरून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावावा. झिंक ऑक्साइडचा ऊर्जापट्टा (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असल्यामुळे हा प्रकाश तो शोषतो, आत इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तेच पृष्ठभागावर चांदीचे आयन पकडून धातू बनवतात. इथेनॉल उरलेल्या धनभाराची सोय लावते. म्हणजे कण नेमके सळीवरच बसतात, वेगळे चिकटवावे लागत नाहीत.

वेळ हीच इथली किल्ली आहे. चार चकत्यांना एक, दोन, चार आणि आठ मिनिटे द्यावी. पांढरी चकती फिकट तपकिरी झाली की पुरे. गडद झाली तर कण एकमेकांना भिडून चांदीचा रस्ता तयार झालेला असतो, वीज त्याच रस्त्याने जाते आणि वायूकडे कोणी लक्ष देत नाही. अतिनील प्रकाशात पाण्यात झिंक ऑक्साइड स्वतःही सावकाश झिजते, म्हणून अर्धा तास ठेवण्याचा मोह टाळावा. धुऊन २०० अंशांवर अर्धा तास तापवावे.

सुरक्षेची एक गोष्ट ठळकपणे सांगते. सिल्व्हर नायट्रेटचे उरलेले द्रावण आणि अमोनियाचे द्रावण एकाच टाकाऊ बाटलीत कधीही ओतू नये. ते मिश्रण साठून राहिले तर त्यात स्फोटक संयुगे बनतात. दोन बाटल्या, दोन रंगांच्या चिठ्ठ्या, दोन वेगळ्या कपाटांत ठेवाव्यात.

चांदीबद्दल इथली आणखी एक अडचण आहे. ओहोटीला ठाणे खाडीच्या काठी, खारफुटीच्या चिखलाचा जो वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि देव्हाऱ्यातले चांदीचे निरांजन ज्याने काळे पडते तोच हा वायू. सेन्सरवरची चांदीही सल्फाइड होते. खाडीलगत बसवायच्या सेन्सरसाठी सोन्याचे कण अधिक टिकाऊ, पण तिथेही क्लोराइडचे आम्लधर्मी द्रावण आधी उदासीन करून घ्यावे लागते.

सिलेन कुठे वापरावे, कुठे टाळावे

पाणी दूर ठेवायला सिलेनचा (पृष्ठभागाला चिकटणाऱ्या सिलिकॉनयुक्त संयुगाचा) थर द्यावा असे अनेकदा वाचनात येते. तापणाऱ्या सेन्सरवर तो देऊ नये; सिलेन जळून सिलिकाचा कवच बनते आणि पृष्ठभाग कायमचा मुका होतो. याच कारणाने सेन्सरच्या डबीला सिलिकॉन सीलंट लावू नये, त्याच्या वाफांनीही हेच घडते. डबीच्या तोंडाला टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा लावावा, तो पाण्याचे थेंब आणि धूळ अडवतो व वायू जाऊ देतो.

सिलेनचे खरे काम पुडीवर. रंगात किंवा इपॉक्सीत नॅनो झिंक ऑक्साइड मिसळताना कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि थर मजबूत होण्याऐवजी तिथेच तडकतो. त्यासाठी अमिनोप्रोपिलट्रायइथॉक्सीसिलेन वापरताना मात्रा अंदाजाने न टाकता क्षेत्रफळावरून काढावी. या सिलेनचा एक ग्रॅम सुमारे ३५० चौरस मीटर झाकतो. वरच्या २० नॅनोमीटरच्या पुडीचे १० ग्रॅम म्हणजे ५३० चौरस मीटर, म्हणून दीड ग्रॅम पुरते. जास्त टाकले तर सिलेन आपापसातच जुळते आणि मऊ थर बनतो. दमट दिवसात सिलेनची बाटली उघडी राहिली तर ते बाटलीतच जुळू लागते.

मोजणी

मोजण्याआधी हीटरचे अंशांकन करावे. ओव्हनमध्ये ५०, १००, १५०, २०० अंशांना प्लॅटिनमचा रोध नोंदवून सरळ रेषा काढावी आणि पुढे रोधावरून तापमान ओळखावे. मग सेन्सर कामाच्या तापमानावर सलग ४८ तास चालू ठेवावा. या काळात मूळ रोध सरकतच असतो आणि त्यावर काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासाचा नसतो.

सर्किट म्हणजे एक ज्ञात रोध आणि सेन्सर यांचा साधा व्होल्टेज विभाजक. ज्ञात रोध सेन्सरच्या हवेतील रोधाच्या जवळपास घ्यावा. अनेक विद्यार्थी इथे फसतात. झिंक ऑक्साइडचा रोध मेगाओहममध्ये असतो, आणि आर्डुइनोच्या ॲनालॉग पिनला दहा किलोओहमपेक्षा कमी रोधाचा स्रोत लागतो. मध्ये सीमॉस प्रकारचा ऑप-अँप अनुगामी म्हणून (व्होल्टेज तेच ठेवून कमी रोधाचा स्रोत देणारा सुटा भाग) बसवला नाही, तर आलेख सेन्सरपेक्षा सर्किटविषयी जास्त सांगतो. हा सुटा भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो.

वायूसाठी १० लिटरची काचेची पेटी, आत छोटा पंखा, आणि नायट्रोजनमध्ये १ टक्का अमोनिया असलेले प्रमाणित सिलिंडर घ्यावे. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, तेव्हा २५ मिलिलिटर सोडले की पेटीत २५ पीपीएम होतात. अमोनिया नळीच्या आणि पेटीच्या भिंतींना चिकटतो, म्हणून नळ्या टेफ्लॉनच्या असाव्यात आणि पहिली मात्रा नेहमी बाद धरावी. १५० ते ३५० अंशांपर्यंत दर २५ अंशांनी प्रतिसाद मोजला तर मध्ये कुठेतरी टेकडी दिसते. त्याखाली अभिक्रिया मंद असते, वर अमोनिया टिकण्याआधीच सुटून जातो. कोऱ्या आणि चांदीच्या चकत्यांची टेकडी वेगळ्या जागी असू शकते, म्हणून दोघांची तुलना आपापल्या शिखरावर तसेच समान तापमानावर, अशा दोन्ही तऱ्हांनी करावी.

आता आर्द्रता, ज्यासाठी हा खटाटोप आहे. महागडे यंत्र नको. बंद पेटीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले की आर्द्रता ठरावीक पातळीला येते. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, साधे मीठ ७५ टक्के आणि पोटॅशियम सल्फेट ९७ टक्के देते. यातले मीठ म्हणजे आपला ऑक्टोबर, आणि पोटॅशियम सल्फेट म्हणजे भर पाऊस. आर्द्रता स्थिरावली की वाटी झाकावी आणि मगच अमोनिया सोडावा, नाहीतर तो सगळा त्या पाण्यात विरघळून जातो. तिन्ही पातळ्यांवर १०, २५, ५० आणि १०० पीपीएमला प्रत्येक चकती तीनदा मोजावी. समजा, कोऱ्या चकतीचा प्रतिसाद ३३ टक्क्यांना २ आणि ९७ टक्क्यांना १.२ आला, आणि चांदीच्या चकतीचा ४ आणि १.३ आला, तर कोरड्या हवेत दुप्पट झालेली ही सुधारणा तुर्भ्यासाठी जवळजवळ नाहीच. याउलट ३ आणि २.५ देणारी चकती मी डोळे मिटून निवडेन, कोरड्या हवेतला तिचा आकडा कमी असला तरी. शोधमर्यादा काढताना शुद्ध हवेतील आलेखाच्या प्रमाण विचलनाची तिप्पट घेऊन तिला आलेखाच्या उताराने भागावे, आणि तो उतारही दमट हवेतलाच घ्यावा.

शेवटी इतर वायू. वाशीच्या बाजारात आंबे पिकवण्याच्या खोल्यांत इथिलीन १०० पीपीएमपर्यंत वापरण्याची परवानगी आहे, आणि अतिपक्व फळांतून इथेनॉलही निघते. शीतगृहातला अमोनिया सेन्सर हापूसच्या हंगामात खोटी घंटा वाजवू लागला, तर कामगार पंधरा दिवसांत ती घंटा बंद करून टाकतील. म्हणून इथिलीन, इथेनॉल आणि ॲसिटोन यांची प्रत्येकी एक मात्रा तरी देऊन पाहावी.

सूक्ष्मदर्शकासाठी पवईच्या आयआयटीतील सैफ ही सुविधा बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेते, आणि देशभरातील अशा उपकरणांची नोंद आय-स्टेम पोर्टलवर मिळते. नमुने पाठवताना चांदीच्या सगळ्यांत चांगल्या चकतीबरोबर बिघडलेली आठ मिनिटांची चकती आणि कोरी चकतीही पाठवावी. उरलेली दुसरी कोरी चकती डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) न ठेवता, सेन्सर जिथे बसवला आहे त्याच डबीत, त्याच तापमानावर चालू ठेवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघींना २५ पीपीएम देऊन वहीत आकडे लिहावेत. दोघी एकत्र सरकल्या तर हवा बदलली आहे, आणि फक्त चांदीची सरकली तर चांदी काळी पडू लागली आहे.